रकाना रिकामा राहू द्या

मी नेमकं काय काम करते, हे वाशिमच्या आमच्या गल्लीत कुणालाच कधी सांगता आलं नाही. सासूबाई होत्या तोवर त्या पाहुण्यांना सांगायच्या, "आमची सून कम्प्युटरच्या चुका निस्तरते." पाहुणे विचारायचे, "कोनाच्या चुका?" मग सासूबाई माझ्याकडे पाहायच्या आणि मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत निघून जायचे. आता सासूबाई नाहीत आणि माझी नोकरीही संपली आहे, म्हणून त्या पाहुण्यांच्या प्रश्नाचं उत्तर इथे लिहिते. त्यांचा प्रश्न बरोबर होता. कोणाची चूक, हे शोधणं हेच माझं निम्मं काम होतं.

एका संस्थेचे आमच्या जिल्ह्यात ठिकठिकाणी लहान दवाखाने होते आणि वाशिमला मोठं रुग्णालय. संस्थेचं नाव मी लिहीत नाही. प्रत्येक दवाखान्यात एक संगणक, त्यात तिथल्या औषधांचा साठा. औषधांचा कारभार एका कंपनीच्या प्रणालीत, रुग्णांच्या नोंदी दुसऱ्या कंपनीच्या, आणि गावोगावच्या आरोग्यसेविकांच्या मोबाइलवर तिसरीच गोष्ट. या तिघांची भाषा वेगळी. त्यांनी एकमेकांशी बोलावं म्हणून जी पद्धत वापरलेली होती तिला सोप म्हणतात. साबणाशी तिचा काही संबंध नाही. हल्ली तिला जुनाट समजतात, पण आमच्याकडे ती होती आणि तिच्यावर माझं घर चाललं.

सोपमध्ये संगणक एकमेकांना पत्रं लिहितात. पत्राला पाकीट, पाकिटात मजकूर, मजकूर कसा लिहायचा ते आधी ठरलेलं. "अमुक दवाखान्यात तमुक औषध किती आहे?" असं पत्र जातं, "इतकं आहे" असं उत्तर येतं. दिवसभर हे बिनबोभाट चाललेलं असायचं आणि त्याच्याशी माझं काही देणंघेणं नव्हतं. माझं काम सुरू व्हायचं ते पलीकडच्याला उत्तर देता आलं नाही की. उत्तर देता येत नसेल तरी पलीकडच्याने मूग गिळून बसायचं नाही, असा सोपचा नियम आहे. त्याने नकाराचं पत्र पाठवायचं. त्या पत्राला फॉल्ट म्हणतात. त्यात काय बिघडलं ते लिहायचं, आणि त्याच्याही आधी दोष कोणाकडे आहे ते लिहायचं, पत्र पाठवणाऱ्याकडे की पत्र घेणाऱ्याकडे. दोषाची ही जागा मोकळी सोडता येत नाही.

हा नियम मला फार आवडायचा. माझा स्वभाव थोडा किरकिरा आहे, ऑफिसात तशी माझी ख्याती होती. "तांत्रिक अडचणीमुळे सेवा बंद आहे" अशी पाटी दिसली की माझं डोकं फिरतं. कोणाची अडचण, कुठे, हे त्या वाक्यात कुठेच नसतं. फॉल्ट मात्र तसं करू देत नाही. आणि त्याचा उपयोगही असतो. दोष घेणाऱ्याकडे असेल तर थोडं थांबून तेच पत्र पुन्हा पाठवता येतं. दोष पाठवणाऱ्याचाच असेल तर तेच पत्र कितीही वेळा पाठवलं तरी नकारच येणार, आधी पत्र दुरुस्त करायला हवं. हे दोन प्रकार ओळखायचे आणि पडद्यासमोर बसलेल्या माणसाला त्याच्या भाषेत सांगायचं, ही माझी नोकरी.

सगळ्यात वाईट म्हणजे कसलंच पत्र न येणं. जऊळक्याच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरभाऊंनी एकदा सलाइनची मागणी पाठवली. मागणी पोचली, पण पोच परतीच्या वाटेत हरवली. भाऊंनी पुन्हा पाठवली. पुन्हा तेच. मग चिडून पाठवतच राहिले. पुढच्या आठवड्यात टेम्पो आला तेव्हा पेशंटच्या बाकासाठी जागा उरली नाही, माणसं सलाइनच्या खोक्यांवर बसू लागली. मला फोन करून म्हणाले, "मॅडम, जवाब आला नाही त मले वाटलं चिठ्ठीच पोचली नाही. माह्या जागी तुमी असत्या त काय केलं असतं?" मी म्हटलं, मीही तेच केलं असतं. त्यानंतर आम्ही प्रत्येक मागणीला स्वतःचा क्रमांक दिला, म्हणजे तीच मागणी परत आली की पलीकडचा ओळखेल. पण भाऊंचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. जवाब आला नाही, याचा माणूस आपल्या मनाने काहीतरी अर्थ लावतोच.

मंगरूळपीरच्या एका डॉक्टरांची वेगळीच तऱ्हा. त्यांच्या पडद्यावर लाल रंगात इंग्रजी मजकूर उमटला, तो खरं तर आमच्यासारख्यांनी वाचायचा होता, चुकून त्यांच्यापर्यंत गेला. डॉक्टर फोनवर आवाज दाबून म्हणाले, "अहो मॅडम, हे मशीन मले पेशंटसमोर कायले रागावून राह्यलं? पेशंट म्हनते, डॉक्टरसाहेबांचं काही चुकलं वाटते." आम्ही हसलो. पण अशा तक्रारी वाढल्या आणि वरून आदेश आला की पडद्यावर लाल काही दिसता कामा नये.

वरून म्हणजे आमच्या साहेबांकडून. साहेब सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन संस्थेत आले होते. माणूस सज्जन. कुणाचं बिल अडवलं नाही, कुणाला उगाच बोलले नाहीत. पण सगळी हयात तक्ते वर पाठवण्यात गेलेली. ज्यांच्या घरात कुणी सरकारी कारकून होतं त्यांना निरंक हा शब्द माहीत असेल. महिन्याच्या तक्त्यात एखाद्या रकान्यात लिहायला काहीच नसेल तर तिथे निरंक लिहायचं. रकाना कोरा सोडायचा नाही. कोरा सुटला की वरून विचारणा येते, विचारणेला खुलासा द्यावा लागतो, आणि खुलासा देणाऱ्याची साडेसाती सुरू होते. माझे वडील पंचायत समितीत होते. घरी आईने "खिशात काही उरलंय का?" विचारलं की ते "निरंक" म्हणायचे आणि आम्ही पोरं हसायचो.

आरोग्यसेविकांच्या मोबाइलचा पडदा तयार झाला तेव्हा पुण्याच्या कंपनीचा एक मुलगा तो साहेबांना दाखवायला आला होता. पडदा माझ्या कामात येत नव्हता, पण मी त्या बैठकीत होते. साहेबांनी एकच सूचना केली, "एकही रकाना रिकामा दिसायला नको." मुलाने मान डोलावली. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही, तक्त्यांच्या जगात ती सूचना बरोबरच होती. मुलाने पुढे काय केलं ते मला नंतर कळलं. साठा शून्य असेल तर निरंक, आणि नकाराचं पत्र आलं तरी निरंक. लाल काही दाखवायचं नाही, रिकामं काही ठेवायचं नाही, मग तो बिचारा आणखी काय करणार होता?

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगते.

सोयाबीन काढणीचे दिवस होते. आमच्याकडे सोयाबीन कापून त्याची सुडी घालतात, म्हणजे शेतातच मोठा ढीग रचून ठेवतात आणि मळणीयंत्र मिळालं की ती सुडी उचलतात. ढिगाखाली ओल असते, ऊब असते, साप येऊन बसतो. म्हणून त्या दिवसांत आमच्या पडद्यावर सगळ्यात जास्त विचारलं जाणारं औषध म्हणजे सापाचं इंजेक्शन. कोणत्या दवाखान्यात किती कुप्या आहेत ते सेविकेने मोबाइलवर पाहायचं आणि पेशंटला तिकडे न्यायचं. पूर्वी सेविका दवाखान्यात फोन करून विचारायच्या. पडदा आला तसे फोन बंद झाले.

रिसोड तालुक्यातल्या एका गावाच्या आरोग्यसेविका मंदाताईंचा मला फोन आला, तो तक्रारीच्या क्रमांकावर. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळेच मी सावरून बसले.

"मॅडम, तुमच्या मशीननं मले साऱ्या गावात खोटं पाडलं," त्या म्हणाल्या.

हळूहळू सगळं कळलं. गावातल्या नारायणभाऊंच्या बायकोला, सिंधूबाईंना, सुडी उचलताना साप चावला होता. भर सकाळची वेळ. नारायणभाऊ बाहेरगावी होते. त्यांचा धाकटा भाऊ उत्तम जीप चालवतो, गावातून रिसोड-वाशिमला माणसं नेतो आणतो. त्याने वहिनीला जीपमध्ये घातलं, मंदाताई सोबत बसल्या. गावाबाहेर फाटा आहे. डावीकडे वळलं की संस्थेचा दवाखाना अगदी जवळ, सरळ गेलं की वाशिम, आणि वाशिम लांब. उत्तमने फाट्यावर जीप उभी केली आणि विचारलं, "ताई, डावीकडं इंजेक्शन हाय काय?" मंदाताईंनी मोबाइल पाहिला. दवाखान्यापुढे निरंक. वाशिमपुढे आकडा. उत्तमने जीप सरळ काढली. वाशिमला पोचायच्या आधीच सिंधूबाई गेल्या.

तिसऱ्या दिवशी गावात बातमी आली की त्या डावीकडच्या दवाखान्यात कपाटभर कुप्या होत्या, त्या दिवशीही होत्या. मंदाताईंनी चार लोकांसमोर मोबाइल काढून पडदा उघडला, तर त्यावर निरंक नव्हतं, कुप्यांचा आकडा होता. लोकांनी आकडा पाहिला आणि मंदाताईंकडे पाहिलं.

"त्याईचं म्हननं, मी पाह्यलंच नाही. अन् उत्तमनं दवाखान्याच्या खड्ड्याच्या रस्त्यानं जीप घातली नाही, पाटे जपले म्हनते गाडीचे. मॅडम, सख्खा भाऊ त्याच्याशी बोलत नाही. त्यानं जीप सोडून देल्ली. आंगनात उभी हाय. मले फकस्त एवढं सांगा, मी पाह्यलं तवा तिथं काय लिवलं होतं?"

मी त्यांना थांबायला सांगितलं आणि त्या सकाळची पत्रं उघडली. शोधायला वेळ लागला नाही. पत्र गेलेलं होतं. उत्तर म्हणून फॉल्ट आलेला होता. दोष घेणाऱ्याकडे: दवाखान्याच्या संगणकाशी संपर्क होत नाही. दवाखान्यात विचारलं तर कळलं की त्या सकाळी तिथली लाइट गेली होती. म्हणजे औषधांच्या प्रणालीने खरं सांगितलं होतं की मला माहीत नाही, आणि आत्ता मला कळूही शकत नाहीये, दोष इकडचा आहे. आमच्या पडद्याने ते पत्र बाजूला टाकलं आणि निरंक लिहिलं. लाइट आली, संपर्क झाला, आकडा परत दिसू लागला. लाइट गेली म्हणून कपाटातलं औषध कुठे जात नाही, हे सांगायला खरं तर कुणीही लागत नाही.

मी मंदाताईंना म्हटलं, "निरंकच लिहिलं होतं. तुम्ही खरं बोलताय." मग त्या म्हणाल्या, "हे मले सांगून काय होते? गावाले सांगा."

मी साहेबांकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "दुरुस्ती करून टाका. संस्थेकडून तांत्रिक अडचणीबद्दल दिलगिरीचं पत्र पाठवू." मी म्हटलं, "साहेब, पत्राने काही होणार नाही. मला गावात जाऊन दाखवायचंय." ते म्हणाले, "बाई, तुमचं काम प्रणालीचं. बाहेर काय बोलायचं ते संस्थेचं काम." मला राग आला. मी म्हटलं, "त्या माणसाला सगळं गाव खुनी ठरवतंय आणि आपल्याकडे तो निर्दोष असल्याचं उत्तर पडून आहे. मी रजा टाकून जाईन." साहेबांनी समोरचा तक्ता बाजूला सारला. शेवटी म्हणाले, "एकट्या जाऊ नका. मी येतो." मला वाटलं, मी जास्त बोलू नये म्हणून पहारा ठेवायला येतायत.

आम्ही आधी नारायणभाऊंच्या घरी गेलो. ओसरीवर उंच, वाळका माणूस बसलेला, डोक्यावर टोपी नाही, दाढी वाढलेली. अंगणात जीप उभी होती. दोन भावांचं अंगण एकच, मधून दगडांची ओळ. जीपच्या काचेवर धूळ बसली होती आणि टपावर कोंबडी. उत्तम दिसला नाही.

मी पत्रांची छापील प्रत पुढे केली. नारायणभाऊंनी ती हातातही घेतली नाही.

"कागद नको मले," ते म्हणाले. "कागद कोनीबी छापते. बाई, मायी बायको गेली. माह्या भावानं दवाखाना डाव्या हाताले ठेवून गाडी पुढं नेली. याच्यावर तुमी कागदावर काय लिवसान?"

"कागद राहू द्या," मी म्हटलं. "तुम्ही माझ्यासोबत त्या दवाखान्यात चला. मी दाखवते, तुम्ही डोळ्यांनी पाहा. पटलं नाही तर मी परत तुमच्या दारात येणार नाही."

ते उठतील असं वाटलं नव्हतं. पण मंदाताई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "नारायणदादा, सिंधूचं डोकं माह्या मांडीवर होतं. मायासाठी चाला." तेव्हा ते उठले.

दवाखान्यात आम्ही गेलो, मागोमाग गावातली काही माणसंही आली. उत्तमही आला होता, पण आत आला नाही, फाटकाजवळच्या हापशापाशी उभा राहिला. मी त्याला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तिशीतला माणूस, पण खांदे पडलेले, जीप चालवणारे हात कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखे लोंबत होते.

मी तिथल्या कंपाउंडरना सापाच्या इंजेक्शनच्या कुप्या कपाटातून काढून टेबलावर ठेवायला सांगितल्या. त्यांनी एकेक करून रांगेत मांडल्या. "हात लावून पाहा," मी नारायणभाऊंना म्हटलं. त्यांनी एका कुपीला बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं. मग मंदाताईंनी मोबाइलवर पडदा उघडून त्यांच्यासमोर धरला. दवाखान्याच्या नावापुढे आकडा होता.

"आता मेन स्विच बंद करा," मी सांगितलं. पडद्याची दुरुस्ती अजून व्हायची होती.

पंखा थांबला. कोपऱ्यातला संगणक विझला. मंदाताईंनी पडदा पुन्हा उघडला. थोडा वेळ त्यावर चक्र फिरत राहिलं आणि मग त्या रकान्यात निरंक उमटलं. कुप्या जिथल्या तिथे टेबलावर होत्या.

नारायणभाऊंनी मोबाइलकडे पाहिलं. टेबलाकडे पाहिलं. मग पुन्हा मोबाइलकडे. "चालू करा," ते म्हणाले. स्विच चालू केला, संगणक जागा व्हायला वेळ लागला, सगळे उभेच. आकडा परत आला. "बंद करा." पुन्हा निरंक. मागून कुणीतरी "अरे बाप्पा" म्हणालं. मंदाताईंनी पदर तोंडावर धरला होता.

"मंग हे निरंक कोनं लिवलं?" नारायणभाऊंनी विचारलं.

या प्रश्नाची मी वाटच पाहत होते. पुण्याचा तो मुलगा कधीच दुसऱ्या कंपनीत गेला होता. त्याचं नाव घेणं सोपं होतं आणि ते अर्धवट खरंही होतं. तेवढ्यात मागे खुर्चीवर बसलेले साहेब उठून उभे राहिले.

"माझ्या सांगण्यावरून लिहिलं," साहेब म्हणाले. "रकाना रिकामा दिसायला नको, असं मी सांगितलं होतं. औषध आहे की नाही हे माहीत नसतानाही मशीन नाही म्हणालं, ते माझ्यामुळे. तुमच्या भावाची चूक नाही. या ताईंचीही नाही."

इतक्या वर्षांत मी साहेबांना एवढं सरळ वाक्य बोलताना ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आता नारायणभाऊ त्यांच्या अंगावर जातील. गावातली माणसंही पुढे सरकली. पण नारायणभाऊ बाहेर निघून गेले. बराच वेळ ते आले नाहीत. आम्हाला वाटलं, घरी गेले.

ते आले तेव्हा उत्तमच्या मनगटाला धरून आले. लहान पोराला शाळेत नेतात तसं धरलं होतं. उत्तम उंबऱ्यावर अडला, तेव्हा त्यांनी त्याला आत ओढून घेतलं आणि साहेबांसमोर उभं केलं.

"मले सांगतलं ते याले सांगा," नारायणभाऊ म्हणाले.

साहेबांनी पुन्हा सांगितलं. शब्द जवळपास तेच होते, पण या वेळी त्यांनी "उत्तमभाऊ" म्हणून सुरुवात केली. उत्तम साहेबांकडे पाहत नव्हता. तो टेबलावरच्या कुप्यांकडे पाहत होता. त्याचं ऐकून झालं की नाही तेही कळेना. मग तो भावाकडे वळला.

"मी इचारलं होतं, दादा," तो म्हणाला. "फाट्यावर गाडी उभी करून इचारलं होतं. वयनी म्हने, उत्तम, भिऊ नको, निंग."

"माहीत हाय," नारायणभाऊ म्हणाले. "इचारलं होतंस तू."

तेवढ्यावर त्या उंच माणसाचा बांध फुटला. तो धाकट्या भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडू लागला, मोठ्याने, गावासमोर. मी बाहेर आले. मलाही रडू आवरत नव्हतं. आत कुणीतरी मेन स्विच चालू केला असावा, पंख्याचा आवाज येऊ लागला.

वेळेवर इंजेक्शन मिळालं असतं तर सिंधूबाई वाचल्या असत्या का? नंतर मी आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मला ते उत्तर पटलं, कारण ते प्रामाणिक आहे. पण वाचण्याची संधी त्यांना मिळायला हवी होती आणि ती आमच्या पडद्याने घेतली. याचं दुःख माझ्या मनातून गेलेलं नाही, आणि आता जाईल असं वाटत नाही.

परतीच्या वाटेवर फाटा मागे पडल्यावर साहेब म्हणाले, "बाई, तो रकाना रिकामा राहू द्या. विचारणा आली तर मी उत्तर देईन." मी रकाना अगदी रिकामा ठेवला नाही. फॉल्ट आला की तिथे आता लाल अक्षरांत येतं: उत्तर मिळालं नाही, दवाखान्यात फोन करा. खाली फोन क्रमांक. निरंक फक्त खऱ्या शून्यालाच. मंगरूळपीरच्या डॉक्टरांनी लाल रंगाबद्दल एकदा कुरकुर केली, तेव्हा साहेबांनी स्वतः त्यांना फोन केला. काय बोलले माहीत नाही, पण डॉक्टरांची तक्रार पुन्हा आली नाही.

पुढच्या काढणीच्या दिवसांत सेविकांच्या प्रशिक्षणासाठी मी रिसोडला गेले होते. बाजाराचा दिवस, एस.टी. भरून गेलेली. स्टँडबाहेर जीप उभ्या होत्या. एका जीपमधून मला कुणी हाक मारली, "मॅडम, वाशिमले जायचं काय? या." उत्तम होता. जीप धुतलेली, माणसं दाटीवाटीने बसलेली. पुढे ड्रायव्हरशेजारी नारायणभाऊ होते, मांडीवर बाजाराची थैली. मला पाहून ते उठू लागले. मी नको म्हटलं आणि मागे बायकांत बसले.

वाटेत त्यांच्या गावचा फाटा लागला. कुणी उतरणारं नव्हतं, तरी उत्तमने जीपचा वेग कमी केला आणि गाडी जवळपास थांबली. डावीकडच्या रस्त्याकडे त्याने पाहिलं. मागच्या बायका बोलायच्या थांबल्या, त्यांना ठाऊक होतं. नारायणभाऊंनी थैलीवरचा हात काढून भावाच्या पाठीवर ठेवला.

"चाल," ते म्हणाले, आणि उत्तमने गाडी पुढे काढली.